डागातून चित्र : एका जुन्या पद्धतीचा पुनर्विचार

चित्रकलेच्या इतिहासात काही ग्रंथ असे आहेत, की ज्यांची थट्टा पुष्कळ झाली आणि वाचन फार थोडे. इंग्लंडमधील चित्रशिक्षक अलेक्झांडर कोझेन्स याने १७८५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेले छोटेसे पुस्तक या जातीचे होय. त्याच्या लांबलचक शीर्षकाचा मथितार्थ असा, की निसर्गचित्रांच्या मौलिक रचना सुचण्यासाठी कल्पनाशक्तीला साहाय्य करणारी एक नवी पद्धत. शीर्षकातला ‘मौलिक’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण सारा वाद त्या शब्दाभोवती आहे. मौलिक चित्र पद्धतीने सुचू शकते काय? आणि ते जर कागदावर उमटलेल्या एखाद्या निरर्थक आकारातून सुचले, तर ते चित्रकाराचे म्हणावे की शाईचे?

कोझेन्सचा जन्म १७१७ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. पुढे इंग्लंडमध्ये त्याने ईटनसारख्या नामांकित विद्यालयात चित्रकला शिकविली आणि १७८६ मध्ये, म्हणजे पुस्तक निघाल्यानंतर लगेचच, तो निवर्तला. आपली पद्धत कशी सापडली हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. एका होतकरू शिष्यापुढे तो तक्रार करीत होता, की मनातली कल्पना झटपट कागदावर उतरविण्याचे काही साधन नाही. बोलता बोलता त्याने समोरचा एक मळका कागद ओढला आणि त्यावर पेन्सिलीने निसर्गचित्राचा आराखडा काढला. नंतर पाहतो तो कागदावरच्या पुसट डागांनीच त्याच्या नकळत त्याच्या हाताला वळण दिले होते. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून त्याने पद्धत उभी केली.

पद्धत साधी आहे. प्रथम मनात एखाद्या देखाव्याची ढोबळ कल्पना धरावी, मग मोठा कुंचला काळ्या शाईत बुडवून शक्य तितक्या वेगाने आणि तऱ्हेतऱ्हेचे फटकारे कागदावर मारावेत. हवे असल्यास कागद आधी चुरगळून पुन्हा पसरावा, म्हणजे शाई सुरकुत्यांतून आपल्या मर्जीने धावते. असे अनेक डाग करून त्यांतला एखादा निवडावा, त्यावर पारदर्शक कागद ठेवावा आणि खालच्या आकारांतून टेकडी, झाडी, पाणी, वाट शोधीत रेखाटन करावे. येथे कोझेन्स दोन अटी घालतो. डागाने जे सुचविलेले नाही ते चित्रात घालू नये, आणि जे अस्वाभाविक दिसेल ते गाळावे. या दोन अटींमध्ये त्याच्या पद्धतीचे सामर्थ्य आहे आणि तिची दुबळी बाजूही त्यांतच आहे. तिच्याकडे पुढे वळू.

समकालीनांनी त्याला हसून घेतले. एडवर्ड डेज नावाच्या चित्रकाराने तर त्याला ‘शहराचा डाग-सरदार’ अशा अर्थाची पदवी बहाल केली. या थट्टेमागे एक नैतिक रोष होता, असे मला वाटते. वर्षानुवर्षे घासून मिळविलेले रेखाटनाचे कसब एका बाजूला, आणि कुंचला झटकून मिळालेला डोंगर दुसऱ्या बाजूला! कष्टावाचून मिळालेल्या फळाविषयी माणसाला नेहमीच संशय असतो. तथापि हसणाऱ्यांच्या पुढच्या पिढीत कॉन्स्टेबलसारख्या थोर निसर्गचित्रकाराने कोझेन्सच्या आकाशचित्रांच्या नकला करून अभ्यास केला, हेही नमूद केले पाहिजे.

ही युक्ती कोझेन्सचीच असे मात्र नाही. अकराव्या शतकातील चिनी ग्रंथकार शेन कुओ याने सुंग दी या चित्रकाराचा उपदेश नोंदवून ठेवला आहे. एका चित्रकाराचे निसर्गचित्र कुशल असूनही निर्जीव वाटते, तेव्हा सुंग दी त्याला सांगतो, की एखादी पडकी भिंत शोध, तिच्यावर पांढरे रेशीम पसर आणि सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे पाहत राहा. पाहता पाहता रेशमाआडून भिंतीचे उंचसखल भाग डोंगर होतील, खाचा दऱ्या होतील, भेगांतून ओढे वाहू लागतील. लिओनार्दो दा विंची यानेही तरुण चित्रकारांना डागाळलेल्या भिंती, राख, ढग आणि चिखल यांच्याकडे टक लावून पाहण्यास सांगितले आहे. घंटानादात जसे मनातले कोणतेही नाव ऐकू येते, तसे या डागांत देखावे, लढाया, चेहरे दिसू लागतात, असे त्याचे म्हणणे. कोकणपट्टीत पावसाळा काढलेल्या चुन्याच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटवून देण्याची गरज नाही. श्रावण सरेपर्यंत एकेका भिंतीवर शेवाळाने अख्खे जग रेखलेले असते.

परंतु लिओनार्दो येथेच थांबत नाही आणि त्याच्या थोरवीची खूण मला त्या पुढच्या भागात दिसते. बोत्तिचेल्ली म्हणत असे, की निसर्गचित्राचा अभ्यास करणे व्यर्थ आहे. रंगात बुडविलेला स्पंज भिंतीवर फेकला की सुंदर देखावा आपोआप मिळतो. लिओनार्दो त्यावर उत्तर देतो, की होय, अशा डागात खूप काही दिसते, पण डाग तुम्हाला कल्पना देतात, कोणताही तपशील पुरा करायला शिकवीत नाहीत. आणि मग सहज एक टोला हाणतो : त्या चित्रकाराची निसर्गचित्रे अगदीच सुमार होती! डागाला विरोध नाही, पण डागावर विसंबून राहण्याला आहे. दिसणे वेगळे आणि काढता येणे वेगळे. ढगात घोडा कुणालाही दिसतो, पण घोड्याचा गुडघा कसा वाकतो हे ढग सांगत नाही.

आता कोझेन्सच्या दुबळ्या बाजूकडे येऊ. त्याचे डाग आणि त्यांवरून केलेली रेखाटने शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर प्रथम डोळे दिपतात. डागात एक उद्दाम जोम आहे. काळे पुंजके कागदावर असे आदळले आहेत, की त्यांना अजून नाव नाही, वजन मात्र आहे. आणि त्याच डागाचे निसर्गचित्र झाले की तो जोम कोठेतरी सौम्य होतो. पुंजक्याचा वृक्ष होतो, फराट्याचा नदीकाठ होतो, आणि एकूण देखावा क्लोद लोरँच्या धाटणीचा, म्हणजे त्या काळच्या इंग्रज रसिकाच्या दिवाणखान्यात आधीच टांगलेल्या चित्रासारखा होतो. असे का व्हावे? कारण कोझेन्सने निसर्गचित्राच्या रचनांचे सोळा प्रकार आधीच ठरवून ठेवले होते, आणि डाग मारण्यापूर्वी त्यांपैकी एखादा मनात धरावयाचा होता. म्हणजे दार उघडे ठेवले खरे, पण पाहुण्यांची यादी आधीच तयार होती! शिवाय ‘अस्वाभाविक ते गाळावे’ ही अट. स्वाभाविक काय, हे ठरविणार कोण? परिचयाचा डोळाच ना? जे कधी पाहिले नाही ते त्याला अस्वाभाविकच वाटणार. मौलिकतेच्या शोधात निघालेल्या माणसाने मौलिक ठरू शकेल अशी प्रत्येक गोष्ट शेवटच्या पायरीवर गाळून टाकावी, हा या पुस्तकातला मोठा विरोधाभास आहे.

कलाइतिहासकार ई. एच. गोम्ब्रिख यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्ट अँड इल्यूजन’ या ग्रंथात कोझेन्सचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. अनिश्चित आकारात आपण काय वाचतो ते आपल्या मनाच्या कोठारात कोणत्या प्रतिमा साठविल्या आहेत यावर अवलंबून असते, हे त्यांचे प्रतिपादन बिनतोड आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ हेर्मान रोरशाख याने १९२१ मध्ये दहा शाईडागांची जी कसोटी प्रसिद्ध केली तिचाही पाया हाच : डाग सर्वांना तोच, पण पाहणारा त्यात स्वतःलाच वाचतो. मग प्रश्न असा उरतो, की डाग जर आरसाच असेल, तर त्यातून नवे काही येईल कसे?

माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर कोणत्याही चित्रशाळेत शिकलेल्या माणसाने दिलेले नाही. ते एका कवीने दिले, आणि तेही वयाची साठी उलटल्यावर.

रवींद्रनाथ ठाकुरांची हस्तलिखिते ज्यांनी छापील प्रतिकृतींतून का होईना पाहिली असतील, त्यांना ठाऊक आहे की त्यांच्या कवितेत खोडलेला शब्द नुसता खोडलेला राहत नाही. ‘पूरबी’ या संग्रहातील कविता लिहीत असताना, १९२४ च्या सुमारास, ही सवय भरास आली. नको असलेल्या शब्दावर शाईची गिचमीड व्हायची. ती उघडीबोडकी दिसू नये म्हणून तिला बाक द्यायचा. मग दोन ओळींखालच्या दुसऱ्या खाडाखोडीशी तिला रेषेने जोडायचे. आणि पान संपेतो त्या सगळ्यांचा मिळून एक चोच असलेला, वाकलेला, कोणत्याही प्राणिशास्त्रात न सापडणारा जीव तयार व्हायचा. अर्जेंटिनातील मुक्कामात त्यांच्या यजमान व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ही वही पाहिली आणि त्या चकित झाल्या. पुढे १९३० च्या मे महिन्यात पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, त्याच्या उभारणीत ओकाम्पो यांचाच हात होता. त्याच वर्षी बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क येथेही ही चित्रे पोहोचली. १९४१ साली मृत्यू येईपर्यंत या माणसाने दोन हजारांहून अधिक चित्रे व रेखाटने केली.

कोझेन्स आणि रवींद्रनाथ यांच्या पद्धती वरवर पाहता एकच वाटतात, किंबहुना काही लेखकांनी त्यांना एकाच रांगेत बसविलेही असेल. पण दोहोंतील अंतर मोठे आहे. कोझेन्स आकारात वस्तू शोधतो. रवींद्रनाथ आकाराला आकार म्हणून सावरू पाहतात. वस्तू आली तर येते. त्यांची पहिली चिंता खाडाखोडीला तोल मिळावा, लय मिळावा ही आहे. हा काय आहे, हा प्रश्न त्यांना उशिरा पडतो, पुष्कळदा पडतच नाही. म्हणूनच आपल्या चित्रांना शीर्षके देण्यास त्यांनी ठाम नकार दिला. नाव दिले की आकार ओळखीच्या कोठारात जाऊन बसतो. त्यांच्या पक्ष्यांना पक्षी म्हणणेही धाडसाचे आहे.

कोणी म्हणेल, की येथेही कोठार आहेच. खरे आहे. रवींद्रनाथांच्या मुखवट्यासारख्या चेहऱ्यांचे आणि कोनाकृती प्राण्यांचे नाते अभ्यासकांनी निरनिराळ्या आदिवासी व प्राचीन कलांशी दाखविले आहे. पण येथे कोठार यादीसारखे समोर मांडलेले नाही. हात पुढे जातो, स्मृती मागून येते आणि जे उमटते त्याने स्वतः चित्रकारच चकित होतो. शिवाय आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या चित्रांचा उगम झटकलेल्या कुंचल्यात नसून टाकून दिलेल्या शब्दात आहे. कवीने पूर्ण विचारांती नाकारलेली गोष्ट त्याने फेकली नाही, तिला दुसरे घर दिले. योगायोग आणि निर्णय यांची अशी सांगड कोझेन्सच्या चुरगळलेल्या कागदात नाही.

रवींद्रनाथांची सगळीच चित्रे उत्तम आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. रेषेचे शिक्षण नसल्याची उणीव त्यांच्या काही मानवाकृतींत उघडी पडते. हात कोठे लपवावेत हे चित्रकाराला कळले नाही असे वाटते. लिओनार्दोचा टोला येथेही लागू पडतो. परंतु लांबट, डोळ्यांत अंधार साठलेल्या स्त्रीमुखांसमोर उभे राहिल्यावर त्या टोल्याची आठवण राहत नाही.

पॉल क्ले याच्या रोजनिशीत बालपणीची एक नोंद आहे. त्याच्या मामाच्या उपाहारगृहात गुळगुळीत संगमरवरी टेबले होती आणि त्या दगडातल्या शिरांच्या गुंत्यात नऊ वर्षांच्या क्लेला चित्रविचित्र माणसे दिसत. तो ती पेन्सिलीने पकडीत असे. मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलात चहाची वाट पाहणाऱ्या किती पोरांनी हेच केले असेल! फरक एवढाच, की क्लेने मोठेपणीही ते सोडले नाही.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण येथे द्यावयास हवे, कारण ते या विषयाच्या अगदी गाभ्यातले आहे. आंरी मातीस १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फार काळ उभा राहू शकत नसे. अंथरुणात वा चाकांच्या खुर्चीत बसून तो रंगविलेले कागद कात्रीने कापू लागला. कापलेले आकार खोलीच्या भिंतीवर टाचायचे, दिवसेंदिवस पाहायचे, साहाय्यकांकरवी इकडचे तिकडे हलवायचे, असा त्याचा क्रम होता. दक्षिण फ्रान्समधील व्हाँस येथे डोमिनिकन भगिनींसाठी त्याने १९४८ ते १९५१ या काळात जे चॅपल घडविले, त्याच्या रंगीत काचा याच कात्रीतून आल्या आहेत. एके काळी त्याची शुश्रूषा केलेली आणि पुढे धर्मभगिनी झालेली एक तरुणी या कामाला निमित्त झाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. काचांचा पहिला आराखडा स्वर्गीय यरुशलेमचा होता. तो बाजूला ठेवला. नंतरचे आराखडेही गेले. अखेर जो राहिला तो जीवनवृक्ष, निवडुंगाच्या पानाफुलांच्या आकारांतून झालेला, फक्त निळा, हिरवा आणि पिवळा. मिस्सा अर्पण करताना धर्मगुरू परिधान करतात ती बाह्यवस्त्रेही त्याने याच रीतीने कागद कापून योजिली. येथे डाग नाही, योगायोगही जवळजवळ नाही. तरीही पद्धत तीच आहे : आधी आकार, मग त्याच्याशी दीर्घ सहवास, आणि बहुतेकांना नकार. ज्या काचेतून पहाटेचा प्रकाश आत येतो तिच्यामागे किती आकार जमिनीवर गळून पडले असतील!

आपल्याकडे या वाटेने दोघेजण दोन टोकांना गेले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, कुटुंब मूळ गोव्याचे. आकारातून वस्तू काढण्यास त्यांनी साफ नकार दिला. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलेही त्यांना रुचत नसे, वस्तुनिरपेक्ष हा शब्द त्यांना जवळचा. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे करीत. २००१ मध्ये ते गेले आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा जगाला त्यांची ओळख पटली. त्यांच्या चित्रात ‘हे कशासारखे दिसते’ असे विचारणारा प्रेक्षक रिकाम्या हाताने परततो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी उलट दिशा धरली. बनारसच्या विणकर सेवा केंद्रात काम करताना तांत्रिक आकृतींचा संस्कार त्यांच्यावर झाला. पुढे मात्र त्यांच्या चित्रांत साध्या वस्तू आल्या : पान, घड्याळ, शिंपला. पण त्या अशा येतात, की त्यांचे नाव गळून पडलेले असते. घड्याळ वेळ सांगत नाही, ते केवळ एक वर्तुळ होऊन पानाच्या शेजारी रिकाम्या अवकाशात तरंगते, आणि पाहणाऱ्याच्या मनात त्या दोहोंमध्ये काहीतरी घडते. कोझेन्स आकाराकडून वस्तूकडे जातो, बरवे वस्तूकडून आकाराकडे. १९९० मध्ये आलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत आहे याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही, अशी माझी तक्रार आहे. चित्र सुचण्यापूर्वीच्या अवस्थेविषयी इतक्या संयमाने, इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारे चित्रकार कोणत्याही भाषेत थोडेच.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन निव्वळ इतिहासाचे नाही. आपल्या शाळांतून मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो. नाव स्मरणचित्र, पण प्रत्यक्षात पाठचित्र! बाजार, पावसाळी दिवस, बसथांबा अशी चारदोन चित्रे मुले कवितेसारखी घोकून जातात; कोणत्याही विषयात तोच छत्रीवाला, तीच टोपलीवाली. नाताळच्या सुमारास आपल्या धर्मग्रामांतून भरणाऱ्या चित्रस्पर्धांतही बेथलेहेमचा गोठा बहुधा भेटकार्डावरचाच असतो, बर्फासकट. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. कोऱ्या कागदाची भीती प्रत्येकाला वाटते आणि ओळखीचा आकार ही त्या भीतीवरची सर्वांत सोपी तोड आहे.

येथे कोझेन्सचे पुस्तक, त्याच्या सगळ्या उणिवांसह, कामाला येईल असे मला वाटते. दौतभर काळी शाई, एक जाड कुंचला, वर्तमानपत्राखालचे जुने टेबल आणि थोडा बटर पेपर एवढ्यावर भागते. मात्र शिक्षकाने त्याच्या दोन अटींपैकी एकच पाळावी. डागात नसलेले घालू नये, ही अट कडकपणे पाळावी, कारण तीच मुलाला पाहायला लावते. अस्वाभाविक ते गाळावे, ही सोडून द्यावी. आणि ‘तुला यात काय दिसते’ असे लगेच विचारू नये. विचारले की मूल ‘हत्ती’ म्हणणार, आणि एकदा हत्ती म्हटल्यावर तो डाग पुन्हा दुसरे काही होणे कठीण. डाग एक दिवस तसाच भिंतीवर टाचून ठेवावा, दुसऱ्या दिवशी उलटा करून टाचावा. तिसऱ्या दिवशी कुंचला हाती द्यावा. मग त्याचा हत्ती झाला तरी हरकत नाही. पण तो बहुधा पाठ्यपुस्तकातला हत्ती नसेल, आणि त्याचा पाय कसा वाकतो हे पाहण्यासाठी मुलाला खऱ्या जनावराकडे, निदान दारच्या म्हशीकडे, नजर टाकावीच लागेल.